हात धुण्याचा इतिहास आणि आयसीयूच्या दारातली सिस्टर

आजाऱ्याची विचारपूस करणे, म्हणजे इयादत, आपल्याकडे मोठ्या सवाबाचे काम मानले जाते. घरातले कुणी आयसीयूत असले की नातेवाइकांची रीघ लागते. दारातली सिस्टर आधी हात स्वच्छ करायला सांगते, तेव्हा मात्र अनेकांना तो दवाखान्याचा उगाचचा जाच वाटतो. तिच्या या एका वाक्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर एका कोड्यात अडकला होता. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुईणी शिकत, दुसऱ्यात वैद्यकीय विद्यार्थी. बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया विद्यार्थ्यांच्या विभागात कितीतरी जास्त. हे विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला तपासायला येत. सेमेलवाइसने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यू जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. तरीही आपल्याच हातांनी मरण पोहोचते, हे बहुतेक डॉक्टरांना पटले नाही. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला.

डॉक्टरांनी नाकारलेली ही सवय नर्सिंगने आपल्या पायातच घातली. क्रिमियाच्या युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात काम करून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० च्या सुमारास ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक लिहिले. नर्सने दिवसभरात वारंवार हात धुवावेत, असे तिने त्यात बजावले आहे.

आयसीयू त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आले. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये श्वास थांबलेल्या रुग्णांना हाताने पिशवी दाबून जगवले गेले. त्या अनुभवातून पुढच्याच वर्षी डॉ. बियॉर्न इब्सेन यांनी अतिदक्षता विभाग उभा केला. अशा विभागात रुग्णाच्या घशात नळी असते, शिरेत सुई असते, लघवीसाठी कॅथेटर असतो. शरीराची नैसर्गिक दारे उघडी पडलेली असतात. आपण मायेने त्याचा हात हातात घेतो, तेव्हा लिफ्टच्या बटणावरचे, नोटांवरचे, मोबाइलवरचे जंतूही त्याच्यापर्यंत जातात. ‘मी वुजू करून आलोय’ हे उत्तर इथे पुरत नाही. वुजू इबादतीसाठी कायम असेल, पण त्यानंतर हात कुठे कुठे लागले, याचा हिशेब वेगळा आहे.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छतेचे सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि ५ मे हा दिवस त्यासाठी राखला. त्यातले प्रसिद्ध ‘पाच क्षण’ प्रामुख्याने कर्मचाऱ्यांसाठी आहेत. भेटायला आलेल्या माणसाला शिकवायचे काम साहजिकच सिस्टरवर येते. भिंतीवरचा फलक सगळेच वाचत नाहीत. काहींना वाचताही येत नाही. सिस्टर स्वतःच्या हातावर द्रव घेऊन बोटांच्या फटी, अंगठे, नखे कशी चोळायची हे दाखवते, तेव्हा आजीलाही ते कळते. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचा. हात मळलेले दिसत असतील, तर साबण-पाणीच हवे.

आपल्यातले काही जण अल्कोहोल म्हणून सॅनिटायझरला हात लावत नाहीत. ही शंका प्रामाणिक असते, तिची थट्टा करू नये. पण तिचे उत्तरही जुनेच आहे. जानेवारी २००२ मध्ये मक्केत मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह परिषदेत उलेमांनी जंतू मारण्यासाठी अल्कोहोलचा बाह्य वापर जायज ठरवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही या निर्णयाची नोंद आहे. ज्यांचे मन तरीही मानत नाही, त्यांनी सिस्टरकडे साबण मागावा. पण तसेच आत जाऊ नये.

एकेका सिस्टरवर रुग्णांचा केवढा भार असतो, हे आपण पाहतोच. त्यातूनही ती दाराशी थांबून आपल्याला टोकते, ती आपल्याच माणसासाठी. तिच्याशी हुज्जत घालू नका. मागून येणाऱ्या चाचांना, खालांना हात कसे धुवायचे ते तुम्हीच दाखवा. आजाऱ्याला इजा होऊ न देणे हाही इयादतीचाच भाग आहे.