बडोद्याचा करारनामा आणि युरोपची संयुक्त पदवी

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतून 'एरॅस्मस' हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. कोणाचा पुतण्या, कोणाची भाची या शिष्यवृत्तीवर युरोपात गेली असे कळते. दोन वर्षांत दोन-तीन देशांतील विद्यापीठांत शिकायचे आणि शेवटी त्या सर्वांची मिळून एक संयुक्त पदव्युत्तर पदवी घ्यायची, अशी ही योजना आहे. बातमी आनंदाची आहे. परंतु हा एरॅस्मस कोण, ही योजना कोणाच्या अपमानातून जन्मली आणि आपल्या समाजाच्या परदेशी शिक्षणाच्या इतिहासाशी तिचे नाते काय, याची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही. ती व्हावयास हवी, कारण शिष्यवृत्ती म्हणजे नुसता पैसा नव्हे. प्रत्येक शिष्यवृत्तीच्या पोटात एक करार असतो, आणि तो करार कोण लिहितो यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

एरॅस्मस हा रॉटरडॅमचा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका धर्मोपदेशकाच्या पोटी तो अनौरस जन्मला. चर्चच्या कायद्याने अशा जन्माच्या माणसाला धार्मिक पदे व उत्पन्ने घेण्यास आडकाठी होती. विद्वान म्हणून युरोपभर नाव झाले तरी जन्माचा हा डाग धुऊन घेण्यासाठी त्याला पोपची खास सूट मिळवावी लागली, आणि १५१७ साली दहाव्या लिओ पोपने त्याची या जाचातून पुरती सुटका केली. जन्मावरून माणसाला अपात्र ठरविण्याचा मक्ता केवळ आपल्याकडच्या धर्मशास्त्रकारांनी घेतला होता असे नाही, एवढे यावरून दिसते. फरक इतकाच की, तिकडे वरून एक कागद आला आणि डाग गेला. आपल्याकडे असा कागद देणारा पोपही नव्हता आणि कागदाने जाणारा तो डागही नव्हता. १४९५ मध्ये कांब्रेच्या बिशपाच्या आश्रयाने तो पॅरिसला शिकायला गेला. कबूल केलेली मदत धड पोहोचत नसे. वसतिगृहातले शिळे अन्न आणि घाणेरडी खोली यांविषयी तो आयुष्यभर कडवटपणे बोलत राहिला. खाजगी शिकवण्या करून त्याने दिवस काढले. पुढे १५०६ साली त्याने तुरीनची डॉक्टरेट घेतली. शिष्यवृत्ती वेळेवर न मिळणे हे दुखणे असे पाचशे वर्षांचे जुने आहे.

त्याच्या नावाची योजना मात्र एका स्त्रीच्या चिकाटीतून आली. सोफिया कोराडी ही रोमची कायद्याची विद्यार्थिनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि मास्टरची पदवी घेऊन परतली. रोममधील तिच्या विद्यापीठाने ती पदवी विचारातच घेतली नाही. तिकडचा अभ्यास इकडे धरला जाणार नाही, असे तिला अपमानास्पद रीतीने सुनावण्यात आले. कोराडी गप्प बसली नाही. १९६९ पासून तिने निवेदने लिहिली, अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवले. एका देशात केलेला अभ्यास दुसऱ्या देशाने मान्य केलाच पाहिजे, एवढाच तिचा मुद्दा होता. १९८७ साली युरोपीय समुदायाने एरॅस्मस योजना सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी बाहेर पडले. १९९९ मध्ये बोलोन्या येथे २९ देशांनी पदव्यांची रचना परस्परांशी जुळती करण्याचे जाहीर केले. हा पाया पडला नसता तर संयुक्त पदवी शक्यच नव्हती. २००४ पासून 'एरॅस्मस मुंडुस' या नावाने ही दारे जगातल्या सर्वच विद्यार्थ्यांना उघडण्यात आली. पहिल्याच टप्प्यात भारतासाठी जादा शिष्यवृत्त्यांची वेगळी खिडकीही उघडली गेली. त्या खिडकीतून भारतातले कोण आत गेले, हे जातीच्या अंगाने कोणी मोजले नाही. मोजणार तरी कसे? युरोपच्या अर्जात जातीचा रकानाच नाही.

कोलंबिया म्हटले की आपले मन साहजिकच १९१३ सालाकडे जाते. कोराडीच्या आधी पंचेचाळीस वर्षे त्याच विद्यापीठात दुसरा एक शिष्यवृत्तीधारक शिकत होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी करारनाम्यावर सही केली. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा तो करार होता. सयाजीरावांचे ऋण आपण मानतोच. बाबासाहेबांनीही ते मानले आणि १९२५ साली प्रसिद्ध झालेला आपला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंध महाराजांना अर्पण केला. पण करार तो करार. मुदत संपली तेव्हा बाबासाहेब लंडनमध्ये होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी १९१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी नाव घातले होते. शिष्यवृत्ती थांबली आणि अभ्यास अर्धा टाकून १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुंबईला उतरावे लागले. त्यांनी मागाहून पाठवलेली पुस्तके ज्या बोटीवर होती ती युद्धात पाणतीराने बुडाली. नुकसानीपोटी जी रक्कम मिळाली तिच्यातून बडोद्याच्या प्रवासाचा खर्च निघाला.

बडोद्यात काय घडले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. तरी इथे ते पुन्हा सांगणे भाग आहे. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी उतारशाळेत नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून हाकलले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या शीर्षकाने १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते तिथे नमूद करतात.

कोराडी आणि बाबासाहेब यांच्या दुःखातला भेद इथे ध्यानात घेतला पाहिजे. कोराडीची पदवी तिच्या देशाने नाकारली, पण तिला कोणी घराबाहेर काढले नाही. बाबासाहेबांची पदवी कोणी नाकारली नाही. किंबहुना ती पदवी हवी म्हणूनच संस्थानने पैसा खर्च केला होता. नाकारला गेला तो माणूस. कोराडीच्या दुखण्यावर तीस वर्षांत युरोपने कायद्याचा उपाय काढला. बडोद्याच्या नोंदवहीवरचा उपाय श्रेयांकांच्या कोष्टकात नाही.

पुढचे शिक्षण बाबासाहेबांनी स्वतःच्या बळावर पुरे केले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या शिदोरीवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. त्याच वर्षी जर्मनीतील बॉन विद्यापीठाकडे त्यांनी जर्मन भाषेत अर्ज पाठवला आणि १९२२ मध्ये तिथे नावही नोंदवले. बॉनचा अभ्यास पुरा झाला नाही. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात परीक्षकांनी फेरफार सुचवले तेव्हा पैसे संपत आले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईला परतून त्यांनी प्रबंध दुरुस्त करून धाडला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. पदवी मिळाली. न्यूयॉर्क, लंडन, बॉन. आजची संयुक्त पदवी जो प्रवास एका अर्जात आखून देते, तो या माणसाने तुकड्या-तुकड्यांनी, कर्ज काढून केला. मध्ये तीन वर्षे वाया गेली, म्हणण्यापेक्षा करारनाम्याने घेतली.

याची जाणीव त्यांना पक्की होती. म्हणूनच व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्याबरोबर, १९४२ च्या ऑक्टोबरात, लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून वेगळी रक्कम मागितली. राजाच्या कृपेवर विसंबणे पुरे, आता हक्काचा पैसा हवा, असा त्या मागणीचा अर्थ होता. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती चालू झाली. महाराष्ट्राने २००३ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने स्वतःची योजना काढली. पुढे तिच्या जागा पंच्याहत्तरपर्यंत वाढल्या. केंद्राच्या जागा वर्षाला शंभर होत्या, नंतर त्या सव्वाशे झाल्या. सव्वाशे जागा आणि कोट्यवधींचा समाज, हा हिशेब वाचकांनीच करावा.

आता एरॅस्मसच्या कराराकडे पाहू. किमान तीन देशांतली तीन विद्यापीठे एकत्र येतात, अभ्यासक्रम मिळून ठरवतात आणि विद्यार्थ्यांची निवडही मिळून करतात. विद्यार्थ्याने निदान दोन देशांत शिकलेच पाहिजे. शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ असते. सध्याच्या नियमाने महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त चोवीस महिने, मिळतात. परत येऊन दहा वर्षे कोणाची चाकरी करण्याची अट नाही. बडोद्याच्या मानाने हा करार मोकळा आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण मोकळ्या करारालाही दार असते. गुण, इंग्रजीची परीक्षा, आपण हाच विषय का निवडला याचे निवेदन आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे हे ते दार. शिफारसपत्र कोण कोणाला देतो? भीमरावांना केळुस्कर गुरुजी भेटले आणि कोलंबियात सेलिग्मन भेटले, ज्यांनी लंडनकरांना पत्र लिहिले. तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोराला असे कोण भेटते? शिवाय त्या १,४०० युरोंतच प्रवास, व्हिसा आणि नव्या जागी बिऱ्हाड थाटणे हे सारे बसवायचे असते आणि पैसे बहुधा पोहोचल्यावर हाती पडतात. विमानाचे तिकीट मात्र आधी काढावे लागते.

आपल्या सरकारी योजनांचे दार वेगळेच आहे. तिथे उत्पन्नाची, वयाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट असते. संयुक्त पदवीत तीन विद्यापीठे असताना क्रमांक कोणाचा धरायचा? पदवी एकत्र, क्रमांक वेगवेगळे, अशा पेचात खिडकीपुढचा विद्यार्थी अडकतो. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत आणखी एक अट घातली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. देशात साधने असताना त्यासाठी बाहेर कशाला जायचे, असे समर्थन झाले. युक्तिवाद वरवर सोज्वळ आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. न्यूयॉर्कमध्ये बसून तो लिहिता आला, कारण तिथे त्यांच्या शेजारी बसायला कोणी नकार देत नव्हते. साधने कुठे आहेत एवढेच पाहून भागत नाही, ती हाताळू कोण देतो हेही पाहावे लागते. बडोद्याच्या करारात नोकरीची अट होती, विषय नेमलेले होते, पण जातीवर लिहू नको असे त्यात नव्हते.

आमच्या वस्तीतली एक मुलगी अलीकडे अशाच संयुक्त पदवीसाठी गेली. तिचे कागद जुळवताना मी सोबत होतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका कचेरीत चार खेपा झाल्या. तिथल्या बाबूंनी युरोपला जाऊन काय दिवे लावणार, अशा अर्थाचे काहीतरी म्हटले. तिकिटाचे पैसे आईने बचतगटातून उचलले. ती पोहोचली त्या रात्री तिने कळवले की खोली लहान आहे, थंडी फार आहे, भात मिळाला. मग लिहिले की, पहिल्याच संध्याकाळी आपल्याच देशातल्या एका सहाध्यायाने नाव विचारले. तिने नाव सांगितले. त्याने पुन्हा विचारले, पुढे काय? तिने आडनाव सांगितले, ते स्पष्ट ऐकू जाईल असे. फेब्रुवारीत ती दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात जाईल. तिथे नवी खोली शोधायची आहे, नवा परवाना काढायचा आहे आणि नव्या वर्गात नाव सांगायचे आहे.