बेन नेव्हिसची वाट

सकाळी निघून संध्याकाळी परत, अशी बेन नेव्हिसची झपाट्याची चढाई आपल्यापैकी काहींनी केली असेल. स्कॉटलंडमधील हे शिखर १,३४५ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईहून ठेंगणेच. पण चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो.

१८८१ मध्ये जून ते ऑक्टोबर क्लेमेंट रॅग हे हवामान-अभ्यासक जवळजवळ रोज हे शिखर चढत. ते माथ्यावर हवेचा दाब, तापमान टिपत. त्याच वेळी पायथ्याशी फोर्ट विल्यमला त्यांच्या पत्नी नोंदी घेत. दोन्ही नोंदींची वेळ जुळायलाच हवी, त्यामुळे रमतगमत चढण्याची सोय नव्हती. पुढे लोकवर्गणी जमली आणि १८८३ मध्ये माथ्यावर वेधशाळा उभी राहिली. तिचे सामान तट्टांवरून नेण्यासाठी बांधलेल्या वाटेनेच आज आपण चढतो.

वेधशाळेत दिवसरात्र, तासातासाला नोंदी होत. १९०४ मध्ये पैशांअभावी ती बंद पडली. पण २०१७ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी त्या नोंदी संगणकात उतरवल्या.

ही वाट हवामान जाणून घेण्यासाठीच झाली. तेव्हा भराभर चढण्याची हौस जरूर करावी. मात्र निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहावा, आणि माथ्यावर वेधशाळेच्या पडक्या भिंतींपाशी क्षणभर थांबावे.