हलकं आणि भारी : घराच्या वजनाचा इतिहास

आज राणीसावरगावात आपण घराच्या वजनाबद्दल बोलू या.

‘भारी’ म्हणजे उत्तम आणि ‘हलकं’ म्हणजे कमी प्रतीचं, हे आपल्या भाषेनंच ठरवून टाकलंय. म्हणून हलकी वीट म्हटली की आपण पहिल्यांदा विचारतो, टिकेल का?

मराठवाड्यातलं आपलं जुनं घर म्हणजे माळवद. लाकडी खांब, तुळया, किलचन आणि वर पांढऱ्या मातीचा थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी नवी माती पडायची. हा थर उन्हाळ्यात घर थंड ठेवी. आपले वाडवडील काही अडाणी नव्हते. पण हिशेब करू या. थर फूटभर झाला, तर दहा बाय दहाच्या खोलीवर साधारण साडेचार टन माती होते.

३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारी हादरलं. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती कोसळल्या. हजारो माणसं झोपेतच दगडमातीखाली गेली. भूकंपाचा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. जाड म्हणजे मजबूत, ही आपली समजूत त्या पहाटे खोटी ठरली.

याचं एक उत्तर आधीच तयार होतं. १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये योहान आक्सेल एरिकसन या वास्तुविशारदानं लाकडासारखा ऊबदार, पण न जळणारा, न कुजणारा दगड शोधला. चुना, सिमेंट, वाळू आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड. त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, मिश्रण भाकरीसारखं फुगतं, मग दाबाखालच्या वाफेत पक्कं होतं. घनमीटरला साधारण ६०० किलो. मातीच्या निम्म्याहूनही कमी. आत कोंडलेली हवा उष्णताही अडवते. पुण्यात बा. ग. शिर्के यांच्या उद्योगानं १९७०च्या दशकात ‘सिपोरेक्स’ नावानं हे उत्पादन आणलं. आता वाळूऐवजी औष्णिक केंद्रांची राखही त्यात जाते.

मात्र नुसत्या हलकेपणानं घर वाचत नाही. कोपरे बांधलेले हवेत, खांब आणि पट्टे नीट हवेत. किल्लारीच्या भागात भिंती ढासळल्या तरी कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडे उभे राहिले होते, कारण त्यांचे सांधे जुळलेले होते.

तेव्हा नवं घर बांधताना गवंड्याला ‘भिंत किती जाड?’ हे विचाराच. पण त्याआधी ‘भिंत कशाला बांधलीय?’ हे विचारा. एवढं बोलून आम्ही थांबतो.