सोडण्याचा ऋतू आणि धरण्याचा ऋतू

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी एकच विषय असतो : यंदा काय सोडले? कोणी साखर सोडतो, कोणी चहा, कोणी रात्रीचा भात. आम्ही दोघांनीही चाळिशी ओलांडल्यावर, रक्ततपासणीचे आकडे पाहून, असे संकल्प सलग तीन वर्षे केले आणि तिन्ही वेळा ते संक्रांतीच्या आत मोडले. खापर अर्थातच आपल्या दुबळ्या इच्छाशक्तीवर फोडले. गेल्या हिवाळ्यात मात्र एका रविवारी पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलो असता वेगळीच शंका मनात आली : चूक इच्छाशक्तीची नसून ऋतूच्या निवडीची तर नसेल?

त्या पहाटे यार्डात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग लागले होते. मटारची पोती उतरत होती; गाजरे, पावटा, हरभऱ्याचे घाटे यांनी गाळे भरले होते. फळांच्या बाजूला सोलापूरकडची बोरे, पुरंदरची अंजिरे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. भुसार बाजारात संक्रांतीच्या तीळगुळाची लगबग. अवघी भूमी 'घ्या' म्हणत असताना आपण 'नको' म्हणण्याचे व्रत घ्यावे, यात काही विसंगती नाही काय?

आपल्या परंपरेने त्यागाला जागा दिली आहे, पण ती अन्यत्र. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचा चातुर्मास हा नेमांचा काळ. कांदा, लसूण, वांगे अनेक घरांत याच काळात वर्ज्य. त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून मगच निरोप घ्यायचा. देव झोपी जातात हे त्याचे धार्मिक कारण. परंतु शेतीच्या अंगाने पाहिले तर हे पावसाळ्याचे महिने म्हणजे जुने धान्य संपत आलेले आणि नवे पीक अजून शेतात उभे, असा आखडता काळ. युरोपातील ख्रिस्ती उपवासकाळही हिवाळ्याची बेगमी सरत आल्यावर, वसंताच्या तोंडावर येतो. टंचाईला व्रताची प्रतिष्ठा देण्याचे शहाणपण दोन्हीकडे दिसते.

थंडी आली की आपले पंचांग सूर बदलते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगे यांचा नैवेद्य दाखवला जातो आणि ज्या घरांत वांगे वर्ज्य होते, तेथे ते सन्मानाने परत येते. पौषात संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, गाजरे, घेवडा, हरभरे, बोरे घातलेली मिसळीची भाजी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण येथे जवळजवळ आज्ञेच्या सुरात बोलते. सण आहे, नियमही आहे. पण नियम घेण्याचा आहे, टाकण्याचा नाही.

वैद्यकशास्त्राचे मतही याहून निराळे नव्हते. चरकसंहितेतील ऋतुचर्येनुसार पावसाळ्यात शरीराचे बल आणि अग्नी दोन्ही मंद असतात. हेमंतात बल सर्वाधिक आणि अग्नी प्रखर असतो. त्याला पुरेसे अन्न मिळाले नाही तर तो देहातील रसच जाळतो. वाग्भटाने तर व्यायामासाठी थंडीचा आणि वसंताचा काळ विशेष योग्य मानला आहे. म्हणजे शिस्त हिवाळ्यातही आहेच. फक्त तिचे क्रियापद 'सोडणे' नसून 'आरंभणे' आहे.

पुण्याच्या सांस्कृतिक इतिहासातही हिवाळ्याचा हा गुण दिसतो. सवाई गंधर्वांचे १९५२ साली निधन झाले आणि १९५३ पासून पंडित भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला. शोक पाळण्याऐवजी गाणे मांडले गेले. पुढे हा महोत्सव डिसेंबरच्या थंडीशी असा एकरूप झाला की शाली पांघरून, चटया अंथरून ऐकणे हीच पुणेकरांची हिवाळ्याची ओळख ठरली. कितीतरी जणांनी आयुष्यातला पहिला ख्याल तेथेच ऐकला असेल. २०१८ पासून तो मुकुंदनगरात, म्हणजे मार्केट यार्डाच्या शेजारीच, भरू लागला, हा योगायोग आम्हांला फार आवडतो.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. त्याच यार्डात पाठीवर पोते घेऊन धावणाऱ्या हमालाला आमचा हा सोडण्या-धरण्याचा वाद कितपत लागू पडतो? हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' हे केंद्र सुरू केले, ते श्रमिकांना परवडणाऱ्या दरात पोटभर सकस अन्न मिळावे म्हणून. ज्याच्या ताटात मुळातच कमी वाढलेले असते, त्याला त्यागाचा महिमा सांगणे ही क्रूरता आहे. त्याग हे भरल्या ताटाचे व्रत होय. ते करणाऱ्याने निदान त्याचा अहंकार बाळगू नये, एवढे भान यार्डाने आम्हांला दिले.

तर गेल्या जानेवारीत आम्ही काहीच सोडले नाही. आमच्यापैकी एकाने मोडी लिपी गिरवायला घेतली. दुसरी पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढू लागली. दर रविवारी यार्डातून एक अनोळखी भाजी आणायची, असेही ठरवले. संक्रांत आली आणि गेली. मोडीचा 'क' अजून वाकडाच येतो, पायऱ्यांवर धाप लागतेच. पण तीन वर्षांत प्रथमच संकल्प मोडला नाही. चहाचे काय ते आषाढात पाहू.