बोरघाट रेल्वेमार्ग

बोरघाट रेल्वेमार्ग : कर्जतजवळच्या पळसदरीहून सह्याद्री चढून लोणावळ्याला पोचणारा, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने १८५६–६३ या काळात बांधलेला लोहमार्ग. लांबी सुमारे २५ किमी., चढ १,८३१ फूट, बोगदे २५. आखणी कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांची. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे १ फूट होता. सरळ चढ शक्य नव्हता, तिथे गाडीची दिशा उलटवणारे स्थानक बांधले.

कंपनीच्या भागधारकांना ईस्ट इंडिया कंपनीने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती, त्यामुळे त्यांचा पैसा सुरक्षित होता. खरी जोखीम कंत्राटदाराच्या डोक्यावर असे. ती त्याच्याकडून पोटकंत्राटदाराकडे आणि शेवटी मजुराकडे सरके. घाटाचे पहिले कंत्राट विल्यम फॅव्हिएल यांना मिळाले. बोरीबंदर–ठाणे मार्गही त्यांनीच बांधला होता. मजुरी थकल्यामुळे जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला. चौकशी झाली आणि मार्चमध्ये फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले.

नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी भारतात आले आणि थोड्याच दिवसांत आजारपणाने वारले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे घेतले. दैनंदिन कामासाठी ॲडमसन व क्लाउझर हे अनुभवी अभियंते नेमून त्यांनी ते तडीस नेले. अशा प्रचंड कामाची जबाबदारी एका विधवेने पेलली, याची नोंद रेल्वेच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी. याच रेल्वे कंपनीची अनेक कंत्राटे पुरी करणारे पारशी कंत्राटदार जमशेटजी दोराबजी हेही असेच मागे पडलेले नाव.

काम पावसाळा सोडून वर्षातले सातआठ महिनेच चाले. कड्यांवर पाय ठेवायला जागा नसे, तिथे माणसे दोरांना लोंबकळत सुरुंगाची भोके पाडत. १८६१ मध्ये मजुरांची संख्या ४२ हजारांवर गेली. त्यांत सुरुंगवाले, गवंडी, पाथरवट आणि माती वाहणाऱ्या बायका-मुलेही होती. पटकीच्या साथींनी तळांवर फार माणसे दगावली. अभियंत्यांची आणि कंत्राटदारांची नावे दप्तरात राहिली. मेलेल्या मजुरांची नावे कुणी टिपून ठेवली नाहीत, आणि हा या कामाच्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय आहे. अभियंत्यांना घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा मात्र लोकांनी जपली. त्याचे देऊळ घाटात आहे.

खंडाळा–पुणे मार्ग १८५८ मध्येच सुरू झाला होता, त्यामुळे मधली काही वर्षे मुंबईहून येणारे उतारू घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला उतरून पालखीतून, घोड्यावरून किंवा पायी घाट चढत. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. ते पाहायला बर्कली उरले नव्हते. ते आदल्या वर्षीच वारले. सदोष बांधकामही पुढे अंगाशी आले आणि जुलै १८६७ मध्ये घाटातला एक मोठा पूल कोसळला. दिशा उलटवण्याचे स्थानक १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे बंद झाले.