सालेमची वर्गणी

परदेशीं जाऊन शिकविण्याची हौस पुष्कळांना असते. परंतु जहाजाचें भाडें नुसत्या हौसेनें भागत नाहीं. अशा शिक्षकांचीं नांवें इतिहासांत आढळतात. त्यांच्यासाठीं वर्गणी गोळा करणारांचीं मात्र क्वचितच आढळतात. श्रोतेहो, या दुसऱ्या बाजूची एक हकीकत आज सांगावयाची आहे. ती अमेरिकेंत सुरू होते आणि महाराष्ट्रांत येऊन पोंचते.

अँडोव्हर येथील धर्मविद्यालयांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं, आम्हांस पूर्वेकडे पाठवा, असा आग्रह धरला, आणि १८१० सालीं ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशनरी संस्था जन्मास आली. तिची पहिल्या वर्षाची जमा सुमारें १,००० डॉलर होती. तेव्हां १८११ मध्यें अ‍ॅडोनिरॅम जडसन या तरुणास लंडनच्या मिशनरी संस्थेकडे धाडण्यांत आलें. तरुणांना आपल्या पदरीं घेण्यास लंडनकर तयार होते. परंतु खर्चहि दोघांचा आणि कारभारहि दोघांचा, ही गोष्ट त्यांस मानवली नाहीं. इकडे सालेमच्या मेरी नॉरिस या बाईंनीं मृत्युपत्रानें ३०,००० डॉलर ठेविले होते; पण ती रक्कम कोर्टाच्या तंट्यांत अडकून पडली.

१८१२ च्या जानेवारींत खबर आली कीं, फिलाडेल्फियाहून कलकत्त्यास एक जहाज लवकरच सुटणार आहे. इंग्लंड व अमेरिका यांच्यांत युद्धाचीं चिन्हें दिसत होतीं. ही संधि हुकली तर समुद्र केव्हां मोकळा होईल, कोण सांगणार? पैसा जमल्यावर माणसें पाठवावीं, कीं माणसें पाठवावयाचें ठरवून पैसा मागावा, असा पेंच चालकांपुढें पडला. हातांतली शिल्लक अपुरी असूनहि त्यांनीं दुसरा मार्ग पतकरला. ६ फेब्रुवारीस सालेमच्या टॅबर्नॅकल चर्चमध्यें पांच तरुणांना दीक्षा देण्यांत आली, आणि सुमारें तीन आठवड्यांत ६,००० डॉलरहून अधिक वर्गणी गोळा झाली. कागदावरील योजनेस जें मिळालें नव्हतें, तें प्रवासास सिद्ध झालेल्या माणसांस मिळालें.

पुढें या कार्यास लागणारा पैसा मोठ्या दात्यांच्या इतकाच लहान हातांतून येत गेला. बोस्टनच्या मेहिटेबल सिम्प्किन्स यांनीं १८०२ मध्यें स्त्रियांकडून दर आठवड्यास एक सेंट, म्हणजे वर्षाकांठीं ५२ सेंट, घेण्याची रीत सुरू केली होती. तशा मंडळ्या नंतर गांवोगांव निघाल्या.

त्या पांचांपैकीं गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस पोंचले. सरकारनें त्यांस परत धाडण्याचा हुकूम काढला. पण ते चिकटून राहिले व पुढें शाळा निघाल्या. मुलींच्या शाळांसाठीं १८२७ मध्यें सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका आली. ती प्रथम मुंबईस व १८३९ पासून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, राहिली, आणि १८६२ मध्यें तेथेंच वारली.

या पैशामागें धर्मप्रसाराचा हेतु होता, हें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. शिवाय दुसऱ्याच्या खिशावर चाललेल्या शाळेचा पाया डळमळीत असतो. १८३७ मध्यें अमेरिकेंत व्यापार कोसळला, बोर्डानें खर्च कापला, आणि सिलोनांतील त्याच्या शाळांतून हजारों मुलांना घरीं बसावें लागलें. देणारे व घेणारे यांच्यामध्यें समुद्र असला म्हणजे एकीकडच्या मंदीचा फटका दुसरीकडील मुलांच्या पाटीस बसतो.

तथापि दिलेलें दान दात्याच्याच इच्छेनें फळतें असें नाहीं. जोतीराव फुले यांनीं अहमदनगरास फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. त्यांस आनंद झाला, आणि १८४८ मध्यें त्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली. तेथें सावित्रीबाई शिकवूं लागल्या. सालेमच्या दात्यांस जो धर्म पसरवावयाचा होता, तो या दांपत्यानें घेतला नाहीं. शाळा मात्र घेतली. त्यांच्या शाळांनाहि वर्गणीचाच आधार होता, आणि १८५७ नंतर युरोपियनांच्या देणग्या आटतांच त्यांस ओढगस्त सोसावी लागली. म्हणून परदेशीं शिकवावयास निघालेल्यानें वर्गणीची वही उघडतांना दोन हिशेब मांडावे: आपण जाणार कसे, हा एक, आणि आपण परतल्यावर शाळा चालणार कशी, हा दुसरा. दुसरा अधिक अवघड असून, तो ज्यांच्या गांवीं शाळा आहे त्यांच्याबरोबर बसूनच सुटतो.