मुठवा कुठं बसवायचा?

परवा आत्याकडे अकोटला गेलो होतो. नरनाळा बघून येऊ म्हणून निघालो आणि वाटेत एका पुनर्वसित गावात चहाला थांबलो. मेळघाटातून खाली आलेलं कोरकूंचं गाव.

डोंगरातली कोरकू गावं ज्यांनी पाहिलीत त्यांना ठाऊक असेल. घरांच्या दोन लांब ओळी समोरासमोर, मधून सरळ रुंद रस्ता. पाय ठेवला की आख्खं गाव दिसतं, आणि आख्ख्या गावाला तुम्ही! गावातच मुठवा, म्हणजे ग्रामदेव. दगडांचा ढीग, बस्स. पूजा भुमकाकडे, कारभार पटेलाकडे.

1973-74 मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला एक आपला मेळघाट. वाघांसाठी गावं हलवायची ठरली. कोहा, कुंड, बोरी ही गावं 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अकोटकडे उतरली. मग 2006 चा वनहक्क कायदा आला. ग्रामसभेची लेखी संमती हवी, आणि नव्या जागी जमीन व सोयी तयार झाल्याशिवाय कुणाला हलवायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. 2008 पासून दर कुटुंबामागे 10 लाखांचं पॅकेज आलं (2021 मध्ये ते 15 लाख झालं). कागदावर छानच की! तरीही जानेवारी 2019 मध्ये जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत म्हणत काही गावांतले लोक पुन्हा जंगलात गेले, आणि वनखात्याशी मोठी चकमक झाली.

मला वाटतं, संमती फक्त 'उठायचं का' यावर घेतात. 'बसायचं कसं' हा प्रश्न येईपर्यंत नकाशा तयार असतो. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरही तसंच. 52 गावं नव्यानं वसवली, आणि घर 250 चौरस फुटांचं, 400 चं की 750 चं, ते शेती किती यावर ठरलं. घरात माणसं किती, ते नाही.

चहा देणारे आजोबा म्हणाले, "सही मागायला सगळे आले. मुठवा कुठं बसवायचा, कोणी नाही विचारलं."

तो हातपंपामागे, उरलेल्या तुकड्यावर बसलाय. शेंदूर मात्र ताजा होता.

घरी आत्याला सांगितलं. ती भाकर थापता थापता म्हणाली, "काहून रे, आपल्या वाड्याच्या वाटण्या झाल्या, तवा तुळशीचं कोणी इचारलं व्हतं?"